मदत हवी आहे: ऑपरेशनमध्ये रक्त गोठेना, आणि आता रक्त पातळ करायचं इंजेक्शन?

धाकटा भाऊ ३८ टक्के भाजलाय. दोन्ही हात, छाती, एक मांडी. पाचव्या दिवशी जळालेली कातडी काढून त्वचारोपण करायला घेतलं. हात झाले, पण छातीला सुरुवात केल्यावर रक्त थांबेचना, म्हणून डॉक्टरांनी तिथेच आवरतं घेतलं. रक्ताच्या सहा पिशव्या चढवल्या, वर प्लाझ्मा. प्लेटलेट ६८ हजारांवर आल्या होत्या.

घरात कुणाला रक्ताचा आजार नाही. लहानपणी त्याच्या हाताचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हाही काही त्रास नव्हता.

आज अकरावा दिवस. आता गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटावर हेपरिन टोचतात! रक्त न गोठल्यामुळे ज्याचं ऑपरेशन अर्धं राहिलं, त्यालाच? परवा छाती पुन्हा घेणार आहेत. सर राउंडला दोन मिनिटं येतात. नेमकं काय विचारू?

उत्तर:
ताई, मी भूलतज्ज्ञ आहे. कागद पाहिलेले नाहीत, तेव्हा सर्वसाधारण सांगतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त दिवस वेगळे. जळालेला थर खरवडताना खालून ताजं रक्त येईपर्यंत जावंच लागतं. जिवंत थर लागल्याची तीच खूण. हाताला टूर्निके (रक्त अडवणारा घट्ट पट्टा) बांधता येतो, छातीला कुठे बांधणार? त्यात पहिल्या दिवशी लिटरांनी सलाईन गेलेलं, त्यामुळे रक्त गोठवणारे घटक पातळ झालेले. प्लेटलेटही साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी तळाला असतात. शिवाय कातडी नसलेलं अंग टेबलावर झपाट्याने गार पडतं, आणि गार रक्त नीट गोठत नाही. गंमत म्हणजे लॅबमध्ये नमुना ३७ अंशांवर तपासतात, त्यामुळे रिपोर्ट बरा आणि जखम वाहतेय असंही होतं. पिशवीतलं रक्त गोठू नये म्हणून त्यात सायट्रेट घालतात, त्याने रक्त गोठायला लागणारं कॅल्शियम उतरतं, त्याचाही फटका बसतो.

दुसऱ्या आठवड्यात पारडं फिरतं. प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) चढतात, माणूस पडून असतो, मोठ्या शिरेत नळी असते. मग पायात किंवा फुप्फुसात गुठळीची भीती. हेपरिनचा छोटा डोस त्यासाठीच. मात्र त्यानेही क्वचित प्लेटलेट पडतात, म्हणून त्या मोजत राहायला हव्यात.

सगळ्यात आधी हे विचारा: ऑपरेशनआधी शेवटचा डोस कधी? मग आजच्या प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन किती, ओटी गरम ठेवणार का, छाती एकाच वेळी की टप्प्यांत, रक्तस्राव कमी करायला ॲड्रेनालिन आणि ट्रानेक्सॅमिक ॲसिड वापरणार का. रक्त आधीच क्रॉसमॅच करून (त्याच्या रक्ताशी जुळवून) ठेवलंय ना, तेही. वहीत लिहून न्या, तोंडी विसरायला होतं.

मूळ प्रश्नकर्ती:
सरांना जिन्यातच गाठलं. उद्या रात्रीचा डोस देणार नाहीत. प्लेटलेट ४ लाख १० हजार. छाती दोन टप्प्यांत करणार. कॅल्शियमचं विचारलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" पण मग थांबून दहा मिनिटं बोलले.