मेट्रो रखडते ती जमिनीखाली नव्हे, टेबलावर

बोगदा : सार्वजनिक वाहतुकीचं सरकारी काम लांबलं की कंत्राटदाराला शिव्या बसतात. मला वाटतं, बराचसा उशीर पहिली कुदळ पडायच्या आधीच झालेला असतो. माद्रिदने १९९५ ते १९९९ या चार वर्षांत ५६ किमी मेट्रो उभी केली. अनुभवी अभियंत्यांचा छोटा गट होता आणि निर्णयाचे अधिकार त्याच्याच हाती होते. स्थानकं साधी, एकसारखी. काम फक्त कमी दर बघून दिलं नाही. उलट न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यू मार्गाची कल्पना १९२० च्या दशकातली, आणि पहिला टप्पा सुरू झाला २०१७ मध्ये : तीन नवी स्थानकं, जेमतेम ३ किमी, खर्च साडेचार अब्ज डॉलरच्या घरात! खात्यात स्वतःचे अभियंते ठेवा आणि निविदा निघाल्यावर आराखड्याला हात लावू नका, एवढीच माझी मागणी आहे.

पायवाट : पूर्ण असहमत. कोलोनमध्ये २००९ साली मेट्रोच्या खोदकामाशेजारी शहराच्या अभिलेखागाराची इमारत कोसळली. दोघांचा जीव गेला, शेकडो वर्षांची कागदपत्रं ढिगाऱ्याखाली गेली. खड्ड्याच्या भिंतीत दोष राहिला होता, तो वेळेत कुणी पकडला नाही. "लवकर उरका" असा वरून तगादा लागला की आधी कात्री लागते ती तपासणीला, मग लोकांच्या सुनावणीला.

बोगदा : तपासणीला कात्री लावा असं मी म्हटलेलं नाही. पण दोष ओळखणारा माणूस खात्यात नसेल, तर तपासणी म्हणजे कागदावर सही. त्यासाठीच तर मला स्वतःचे अभियंते हवेत.

मोजपट्टी : शीर्षकच पटत नाही. लंडनच्या एलिझाबेथ मार्गाचे बोगदे २०१५ मध्ये खोदून झाले. गाडी डिसेंबर २०१८ मध्ये धावायची होती, धावली मे २०२२ मध्ये. स्थानकांची कामं अपुरी होती आणि गाडीला एकाच फेरीत तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांतून जायचं होतं. चाचणीला पुरेसा वेळ ठेवलाच नव्हता. उद्घाटनाची तारीख आधी ठरवून मग काम त्यात कोंबायचं, हा खरा रोग.

बोगदा : हे मान्य. शीर्षक सरसकट झालं. तरी तीन यंत्रणा वापरायच्या हे ठरलं टेबलावरच ना?

रूळ : जमिनीखालच्या जलवाहिन्या आणि केबलींचा भरवशाचा नकाशा हाताशी नसतो, त्यावर कुणीच बोलत नाही. खणल्यावर पाइप सापडतो, काम थांबतं, वाढीव दराचा वाद सुरू होतो. निविदेआधी चाचणी-खड्डे घ्या, तो खर्च मागाहून होणाऱ्या वादापेक्षा कमीच पडेल.

पायवाट : बोगदा, तुमच्या अभियंत्यांना माझा विरोध नाही. पण आराखडा पक्का झाल्यावर घेतलेल्या सुनावणीत घर जाणाऱ्या माणसाने बोलायचं तरी काय? मार्ग ठरायच्या आधी त्याला बोलवा. नंतर आराखडा गोठवलात तर माझी हरकत नाही.

बोगदा : या क्रमाला माझी सही.

मोजपट्टी : माझीही, पण चाचणीचे महिने वेळापत्रकात वेगळे दाखवले तरच.