पार्किंगमधली मारामारी आणि गेमबंदीचा विषय : आमच्या इंदिरानगरच्या सोसायटी ग्रुपवर झालेली चर्चा

सेक्रेटरी (ए-101): सर्व सभासदांना नमस्कार. काल संध्याकाळी पार्किंगमध्ये दोन मुलांत मारामारी झाली, एकाच्या कपाळाला टाके पडले. रविवारी सकाळी 11 वाजता क्लब हाऊसमध्ये मीटिंग ठेवली आहे. विषय : आवारात मोबाईल गेम खेळायला बंदी. कोणाला काही सुचवायचं असेल तर इथे लिहा.

बी-302 काका: बंदी घालाच. दिवसभर कानाला हेडफोन आणि ठो-ठो गोळीबार. तेच डोक्यात भिनतं आणि मग बॅट उचलली जाते. लखनौला 2022 मध्ये मुलाने आईला गोळी घातली, गेम खेळू देत नाही म्हणून. पेपरात आलं होतं.

सी-403 ताई: अगदी बरोबर काका. बंदीला आमचा पाठिंबा.

ए-204 ताई: काका, ती बातमी मीही वाचली होती. पोलिसांनी तेव्हा कारण तेच सांगितलं होतं. पण पिस्तूल वडिलांचं होतं आणि ते घरात मुलाच्या हाताला लागलं, हेही त्याच बातमीत होतं. गेम तर देशभर घराघरात खेळतात.

मी शाळेत समुपदेशक आहे, त्यामुळे हा प्रश्न पालकसभेत हमखास निघतो. वाद जुना आहे. अमेरिकेत 1999 मध्ये कोलंबाइनच्या शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, ते ‘डूम’ खेळायचे म्हणून खापर गेमवर फुटलं. पुढे कॅलिफोर्नियाने हिंसक गेम मुलांना विकायला बंदी करणारा कायदा केला. तो 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी रद्द केला. गेममुळे मुलं हिंसक होतात हे अभ्यासांतून सिद्ध होत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

आता हे अभ्यास करतात कसे, ते ऐका. गेम खेळून झाल्यावर खेळणाऱ्याला विचारतात, समोरच्याला किती तिखट सॉस खायला द्यायचा, किंवा कानाशी किती मोठा आवाज करायचा. जास्त दिला की आक्रमकता वाढली अशी नोंद. असा थोडा परिणाम काही प्रयोगांत दिसतोही, मी नाकारत नाही. पण चमचाभर जास्त सॉस देणं कुठे आणि कपाळ फोडणं कुठे! अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेच 2020 मध्ये स्पष्ट केलं की प्रत्यक्ष हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2019 मध्ये ब्रिटनमधल्या 14-15 वर्षांच्या सुमारे हजार मुलांचा अभ्यास केला. मुलांचं वागणं कसं आहे हे त्यांनी पालकांना विचारलं आणि गेम किती हिंसक हे अधिकृत वर्गवारीवरून ठरवलं. संबंध सापडला नाही.

बी-302 काका: मग सरकारने पबजी बंद का केला होता?

ए-204 ताई: 2 सप्टेंबर 2020 ला 118 ॲप एकदम बंद झाली, त्यात तो होता. कारण दिलं होतं देशाची सुरक्षा आणि लोकांची माहिती बाहेर जाण्याचं. हिंसेचं नाही. राजकोटला 2019 मध्ये पोलिसांनी मुलं बिघडतात म्हणून बंदी केली होती, खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटकही केली. अटक करून कोणतं पोर सुधारलं?

सी-105: काका, मी अकरावीपासून खेळतोय. हरलो की चिडचिड होते, खरं आहे. कॅरममध्येही होते.

बी-201: काल ज्याने बॅट मारली त्याची मी आई. मारलं ते चूकच. समोरच्यांच्या घरी जाऊन आम्ही माफी मागितली, औषधाचा खर्च देतोय. पण कारण गेम नाही, म्हणून लिहितेय.

माझा मुलगा बोलताना अडखळतो, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. याचे बाबा अंबडला सेकंड शिफ्टला असतात, संध्याकाळी घरात आम्ही दोघंच. परवा हेडफोनची पिन निघाली आणि मोबाईलचा आवाज खोलीभर झाला. गेम खेळताना पोरं मोबाईलवरून एकमेकांशी बोलतात. गोळीबार चालूच होता, पण त्यावरून पोरं याची नक्कल करत होती. “क-क-कव्हर दे रे.” सगळे हसत होते. आपल्याच सोसायटीतल्या मोठ्या मुलांचे आवाज. हा गप्प, अंगठे स्क्रीनवर चालूच. पिन परत लावली आणि खेळत राहिला. दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर तेच झालं.

गेम बंद केलात तर नक्कल थांबेल का? मला त्याचं उत्तर द्या.

ए-204 ताई: ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मारामारीला दुसरं कारण शोधायची गरजच नाही. त्याला माझ्याकडे पाठवा, नुसतं बसायला, गप्पा मारायला. दुसऱ्या मुलालाही मी भेटेन.

बी-302 काका: वहिनी, हे माहीत नव्हतं. तरी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणं काही बरोबर नाही, आमच्या नातवाचं तेच चालू आहे.

ए-204 ताई: ते बरोबर नाहीच काका. झोप, अभ्यास, जेवण सोडून महिनोन्‌महिने खेळणं सुटत नसेल तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते, 2022 पासून तिच्या यादीत तो आहे. गेममधल्या खरेदीत पैसे जातात, अनोळखी माणसं मुलांशी बोलतात. यावर नियम करा, मी सही करते. पण मारामारीसाठी बंदी घातली तर ज्यांनी चिडवलं ते सुटतात.

सेक्रेटरी (ए-101): विषय बदलतो. मुलांमधलं चिडवणं आणि रात्रीचा मोबाईल, असे दोन वेगळे घेऊ. बंदीचा ठराव सध्या मांडत नाही.

सी-403 ताई: आमचा मोठा त्याच स्क्वाडमध्ये खेळतो. आत्ता विचारलं, तो नाही म्हणत नाहीये. आम्ही दोघं त्याला घेऊन आधी बी-201 मध्ये जातोय. ताई, आत्ता आलो तर चालेल का?

बी-201: या.