‘मागितल्याशिवाय चूक दाखवू नये’ हा नियम नेमका कोणाच्या सोयीचा?

निपाणीकर (चर्चाप्रस्ताव)

गेल्या आठवड्यात आपल्या हौशी चर्मकाम मंडळींपैकी एकाने असे लिहिले की, नवशिक्याने केलेल्या वस्तूत त्याने विचारल्याशिवाय कोणीही चूक दाखवू नये, फक्त प्रोत्साहन द्यावे, कारण टीकेमुळे माणसे छंद सोडून देतात. त्या विधानाला ज्या उत्साहाने पाठिंबा मिळाला तो पाहून मी दोन दिवस गप्प बसलो, पण आता सविस्तर उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

निमित्त झाले होते एका नवशिक्या मुलीने केलेल्या आणि येथे छायाचित्र टाकलेल्या खांद्यावरच्या पिशवीचे. ‘अप्रतिम’, ‘झकास’, ‘दुकानात ठेवण्यासारखी’ असे अभिप्राय तिच्याखाली ओळीने आले. छायाचित्र मोठे करून पाहणाऱ्या कोणालाही दिसले असते की पट्टा कातड्याच्या पोटाकडच्या भागातून कापलेला आहे, कारण त्याच्या वरच्या बाजूला त्या भागात असतात तशा सैल सुरकुत्या आहेत आणि मागची बाजू केसाळ, भुसभुशीत आहे. पाठीकडचे चामडे घट्ट विणीचे असते. पोटाकडचे ताणले जाते आणि एकदा ताणले की परत येत नाही. शिवाय पट्टा पिशवीला जोडताना आरीने इतकी जवळजवळ भोके पाडली आहेत की ती जागा टपालतिकिटाच्या कडेसारखी झाली आहे, आणि सगळे वजन नेमके तिथेच येणार आहे. टाकाही एकाच सुईने घातलेला आहे. दोन सुयांच्या टाक्यात एकच दोरा दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून जातो, त्यामुळे एका ठिकाणी तो झिजून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा शिवण धरून ठेवतो. येथे मात्र एक टाका सुटला की बाकीचे सुटायला वेळ लागणार नाही.

ही पिशवी विक्रीला ठेवलेली आहे, हे कोणाच्याच लक्षात आले नाही काय? उद्या ती विकत घेणारा मनुष्य तिच्यात लॅपटॉप घालून बसमध्ये उभा राहील आणि पट्टा तुटेल, तेव्हा त्याला आपले ‘अप्रतिम’ कोणत्या उपयोगाचे? माझ्या मते ज्याला चूक दिसली आणि तरीही जो गप्प बसला, त्याने स्वतःचे चांगले नाव सांभाळले, शिकणाऱ्याचे काहीही सांभाळले नाही.

टिळकवाडीची वाचक

निपाणीकर काका, तुम्ही पिशवीचे जे शवविच्छेदन केले आहे त्यातील एकही वाक्य चुकीचे नाही, आणि तरीही मी तुमच्या विरुद्ध बाजूला आहे. मी पहिल्यांदा कार्ड ठेवायचे पाकीट केले तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी त्याखाली कडेपासून शिवणीपर्यंत सर्व दोषांची यादी लिहिली होती. ती यादी बरोबर होती, परंतु तिच्यातले आधी काय सुधारायचे आणि कशाने, हे तीत कुठेही नव्हते. मी रापी (चामडे कापायचे हत्यार) आणि आरी कापडात गुंडाळून कपाटात टाकली आणि तो संपूर्ण पावसाळा त्यांना हात लावला नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, जी तुम्हा पुरुष मंडळींना बहुधा जाणवत नाही. बाईने रापी हातात धरलेले छायाचित्र टाकले की सल्ला मागावाच लागत नाही; बोट कापेल, चामडे चिकटवायच्या सोल्युशनचा वास घेऊ नका, हलके काम करा, असे सल्ले आपोआप येतात. ‘विचारल्याशिवाय सांगू नका’ हा नियम मला तरी त्यासाठीच हवा आहे.

चिक्कोडीचा अभियंता

मी निपाणीकरांशी पूर्णपणे सहमत आहे, परंतु खरे दुखणे शिवणीचे नसून मालाचे आहे. बाजारात क्रोम प्रक्रियेने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे साल-हिरड्याचे, म्हणजे झाडाची साल आणि हिरडा वापरून कमावलेले, म्हणून सर्रास गळ्यात मारले जाते आणि नवशिका मग कड घासत बसतो. क्रोमची कड कितीही घासली तरी काचेसारखी होत नाही आणि त्यावर ठोकून नक्षीही नीट उमटत नाही. घेताना कापलेली कड पाहावी; आतून निळसर-करडी झाक दिसली तर तो माल क्रोमचा समजावा. पाण्याने ओलसर केलेल्या तुकड्यावर लोखंडी खिळा ठेवून पाहावा. सालीने कमावलेल्या चामड्यातील टॅनिनशी लोखंडाची प्रक्रिया होऊन निळसर काळा डाग पडतो. हे कोणी सांगत नाही, सगळे ‘छान रंग’ म्हणून मोकळे होतात.

त्याहून घातक म्हणजे प्रोत्साहन देणारी हीच मंडळी प्रत्येक वस्तूखाली ‘खोबरेल तेल चोळा, चमक येईल’ असे लिहीत असतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात तेल चोळलेली वस्तू कपाटात ठेवली की महिन्याभरात तिच्यावर पांढरी बुरशी येते. हा सल्ला मागितल्याशिवायच दिलेला असतो, मग त्याला नियम का लागू होत नाही?

खानापूरकर

अभियंतासाहेबांनी आमच्या भागात एक पावसाळा काढून पाहावा. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस सुरू झाला की आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, आणि तरीही आमच्या आजोबांच्या वहाणा तेलावरच टिकल्या. तेल नसलेले कोरडे चामडे भिजून वाळले की कडक होते आणि वाकते तिथे भेगाळते. तुम्हाला जे पांढरे दिसते ते दर वेळी बुरशीच असते असे नाही. चामड्यात मुरवलेली चरबी किंवा मेणही थंडाव्याने वर येऊन पांढरे दिसते. हे न तपासता तेलाला दोष देणे म्हणजे आपल्या अज्ञानाचे खापर आजोबांच्या बाटलीवर फोडणे आहे.

चिक्कोडीचा अभियंता

आजोबांचा दाखला दिला की पुरावा द्यावा लागत नाही, असा आपल्याकडे प्रघातच आहे. माझ्याकडे तेल लावलेला एक पट्टा आणि तेल न लावलेला एक पट्टा एकाच कपाटात होते. बुरशी तेलाच्या पट्ट्यावर आली. यावर आणखी चर्चा करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

खानापूरकर

दोन पट्टे आणि एक कपाट एवढ्यावर सिद्धान्त मांडणाऱ्या माणसाने पुराव्याची भाषा करू नये. तेल लावलेला पट्टा तुम्ही प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला होता, हे तुम्हीच मागे लिहिले होते. प्लास्टिकमध्ये भाकरी ठेवली तरी तिला बुरशी येते, त्यात पिठाचा दोष नसतो.

टिळकवाडीची वाचक

आपण दोघांनी भांडणे थांबवून केस वाळवायचे यंत्र घ्यावे. पांढऱ्या थरावर थोडा वेळ गरम हवा सोडावी. चरबी किंवा मेण असेल तर ते वितळून परत आत मुरते, आणि बुरशी असेल तर ती तशीच राहते व तिला कुबट वासही येतो. बुरशी असेल तर कोरड्या फडक्याने घराबाहेर झटकावी, आणि वस्तू सावलीत, वारा लागेल अशा जागी टांगावी. मी हे कोणी न विचारता सांगत आहे याची मला जाणीव आहे. काकांनी याचा विजय म्हणून उपयोग करू नये.

अथणीकर

मी हा सर्व वाद वाचत होतो आणि बोलणार नव्हतो, कारण मी हौशी नाही. आमच्या घरात कोल्हापुरी पायताणे करतात. वडील तळ आणि पट्टे करतात, आई आणि काकू वेण्या घालतात. आमच्याकडे कोणी कोणाला ‘अप्रतिम’ म्हणत नाही. पट्टा तळाला वादीने (चामड्याच्या दोरीने) शिवताना ओढ कमी पडली तर वडील एक शब्दही न बोलता तो पूर्ण उसवून परत हातात देतात. मी त्यातूनच शिकलो आणि छंद सोडला नाही, कारण सोडण्याची सोय नव्हती.

आता मला जे खटकते ते सांगतो. तुमच्या पाकिटाला एकमेकांकडून प्रोत्साहन मिळते आणि ते चांगल्या किमतीला विकले जाते. आमच्या पायताणांच्या जोडाला मात्र तीच मंडळी दारात उभी राहून शंभर रुपये कमी करायला सांगतात. त्यानंतर रात्री फोन करून विचारतात की कड कशी घासायची, हिरडा आणि बाभळीची साल कशी वापरतात, चुन्यात कातडे किती दिवस ठेवतात. हे सर्व फुकट. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा कंपनीने मिलानमधील प्रदर्शनात आपल्या वहाणांसारख्या वहाणा मूळचा उल्लेख न करता दाखवल्या तेव्हा तुम्ही सर्वांनी आमच्या बाजूने लिहिलेत, त्याबद्दल आभार. परंतु आमचे ज्ञान घ्यायचे आणि नाव घ्यायचे नाही, हा प्रकार मिलानमध्येच घडतो असे नाही.

तेलाबद्दल तुम्ही दोघेही अर्धे बोलता. आमच्या तळाचे म्हशीचे चामडे जाड असते, ते तेल पिते आणि त्याला ते मानवते. तुमच्या पाकिटाचे चामडे जेमतेम एक-सव्वा मिलिमीटरचे असते. त्याला भरपूर तेल पाजले की ते लिबलिबीत होते आणि शिवणीपाशी लोंबते. दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसले तर पुरे होते.

शहापूरकर

अथणीकर यांच्या कौशल्याबद्दल पूर्ण आदर ठेवून एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. येथे सर्व जण आवडीने एकत्र आले आहेत, त्यात धंदा, घराणे आणि ओघाने येणारी जात कशासाठी आणायची? आम्हीही चामडे विकत घेतो, त्याचे चौरस फुटाप्रमाणे पैसे मोजतो. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले तेही कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि आपल्याकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून मिळाले आहे, कोणा एका घराला नव्हे. कला सर्वांची असते.

अथणीकर

सर, जातीचा शब्द माझ्या लिहिण्यात नव्हता. तो तुम्ही लिहिलात. तुम्ही रापी विकत घेऊन घरी नेली तेव्हा आईंनी ती स्वयंपाकघरातून उचलून मागच्या अंगणात ठेवायला लावली, हा किस्सा मागच्या महिन्यात तुम्हीच येथे गंमत म्हणून लिहिला होता आणि त्याखाली बरेच जण हसले होते. आमच्या घरी रापी अंगणात ठेवा असे कोणाला सांगावे लागले नाही, कारण घरच गावाच्या त्या बाजूला होते. कला सर्वांची असते हे मला मान्य आहे. त्यापायी ऐकावी लागणारी बोलणी मात्र वाटून घेतलेली मी पाहिली नाहीत.

शहापूरकर

तो किस्सा मी माझ्या आईच्या जुन्या विचारांवर लिहिला होता, कारागिरांवर नव्हे. तरीही त्यातून दुखापत झाली असेल तर मला खेद आहे. मूळ मुद्द्याशी याचा संबंध काय, हे मात्र मला अजून कळलेले नाही.

निपाणीकर

संबंध आहे, आणि तो माझ्या विरोधात जातो म्हणून मीच लिहितो. अथणीकरांचे वडील शिवण उसवतात तेव्हा मुलगा समोर बसलेला असतो, चामडे हातात असते आणि उसवल्यानंतर ती पुन्हा कशी घालायची हे दाखवायला तेच असतात. आम्ही छायाचित्राखाली चार ओळी लिहून निघून जातो. टिळकवाडीच्या ताईंनी ज्या यादीबद्दल लिहिले ती अशीच होती, एवढे मी मान्य करतो, यापेक्षा अधिक नाही. ज्या वस्तूवर वजन येते, म्हणजे पट्टा, कडी, मूठ, किंवा जी वस्तू विक्रीला आहे, तिच्यातील दोष विचारण्याची वाट न पाहता सांगितलेच पाहिजेत. रंग, नक्षी, कडेची चमक याबाबत तोंड बंद ठेवायला माझी हरकत नाही. तसाही मी नक्षीकडे फारसे पाहत नाही.

टिळकवाडीची वाचक

काका ‘अधिक नाही’ म्हणत बरेच पुढे आले, त्याबद्दल धन्यवाद. माझी एक अट आहे. एका वेळी एकच दोष सांगावा, तोही पुढच्या वस्तूत करता येईल अशा कृतीसह. उदाहरणार्थ, ‘पट्टा पाठीच्या बाजूने काप आणि पट्टा जोडतेस तिथे भोके चार-चार मिलिमीटरवर पाड’. असे लिहिले असते तर त्या मुलीने विक्रीची पाटी स्वतःहून काढली असती. तिने काल मला विचारले की हे सगळे तिच्याच पिशवीबद्दल चालले आहे का, आणि मी खोटे बोलले नाही.

चिक्कोडीचा अभियंता

मी गरम हवेचा प्रयोग केला. थर वितळला नाही, वास मात्र कुबट आहे. त्यामुळे माझ्या पट्ट्यापुरते तरी माझे म्हणणे सिद्ध झाले आहे. प्लास्टिकच्या पिशवीचा मुद्दा मी विचारात घेतला आहे, परंतु मला तो निर्णायक वाटत नाही.

खानापूरकर

अभिनंदन. पट्टा आता तरी पिशवीतून बाहेर काढा.

अथणीकर

निपाणीकर काकांनी समोर बसण्याची गोष्ट काढली म्हणून विचारतो. कोणाला खरोखर शिकायचे असेल तर वडिलांना मी विचारले आहे. ते तयार आहेत. त्या दिवशी त्यांचे काम थांबेल, म्हणून दिवसाची मजुरी द्यावी लागेल. घरी ते कन्नड अधिक बोलतात, पण मराठी त्यांना उत्तम समजते. जे काही शिकाल ते पुढे लिहाल तेव्हा कुठे शिकलात हेही लिहायचे.

टिळकवाडीची वाचक

मला यायचे आहे आणि त्या मुलीलाही घेऊन येईन. मजुरी सर्वांनी मिळून द्यायची की प्रत्येकी?

अथणीकर

प्रत्येकी, ताई. दुपारपर्यंत प्रत्येकाची शिवण एकदा तरी उसवली जाईल, त्याची तयारी ठेवून यावे.