'लागण', 'मात्रा' आणि 'टार्गेट नॉट डिटेक्टेड'

चिकोडीकर: एचआयव्हीच्या कानडी माहितीपत्रकाचं मराठी करतोय. 'सोंकु'ला 'लागण' लिहिलं, तर आमचे काका वाचून म्हणतात, "आडसाली की सुरू?" आमच्यात लागण म्हटली की आधी उसाची लावणीच! दुसरं म्हणजे, व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याच्या रिपोर्टवर 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' येतं. त्याला 'विषाणू नाही' चालेल का?

खानापूरची ताई: 'विषाणू नाही' अजिबात नको, दादा. मी समुपदेशनाचं काम करते. तेवढे दोन शब्द वाचून माणूस गोळ्या सोडतो. विषाणू काही पेशींत दडी मारून असतोच. गोळ्या थांबल्या की बहुतेकांचा लोड काही आठवड्यांत परत चढतो. 'रक्तात सापडला नाही' लिहा. आणि त्याला जोडूनच लिहा, की रोज गोळी घेऊन लोड असा टिकला तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 'धोका कमी' असलं बिचकत लिहू नका. होत नाही म्हणजे नाही.

बेळगावकर: ऊस तुटला तरी खोडकी रानात असते, फुटवा येतो. हा दाखला द्या की.

चिकोडीकर: खोडवा आपण मुद्दाम राखतो हो, पाणी देतो, खत देतो. उलटा अर्थ लागेल.

खानापूरची ताई: 'मात्रे'पासूनही जपा. कानडीत मात्रे म्हणजे साधी गोळी. एका आजीला नर्सबाईंनी 'ओंदु मात्रे' सांगितलं, तर आजी म्हणते, "मधात उगाळून घेऊ काय?" आपली मात्रा सहाणेवरची ना! २००४ साली मोफत औषध सुरू झालं तेव्हा बहुतेकांना दिवसातून दोनदा घ्यावं लागे. आता टीएलडी, म्हणजे टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर एकाच गोळीत, दिवसाला एकदा. तेव्हा सरळ 'रोज एक गोळी' लिहा. जुन्या पत्रकातलं 'सीडी-फोर (रोगप्रतिकारक पेशींचा आकडा) उतरल्यावर औषध' हेही काढा; २०१७पासून निदान झालं की उपचार, आकडा कितीही असो.

बेळगावकर: आणि 'बाधित'? मला तरी भूतबाधाच आठवते.

खानापूरची ताई: मलाही नाही आवडत. 'एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती' बरोबर आहे, पण बोलताना तोंडात बसत नाही. आमच्याकडे येणारे स्वतःबद्दल एवढंच सांगतात, "माझ्या गोळ्या चालू आहेत."

चिकोडीकर: मग मथळ्यात तेच घालतो. 'लागण'ही ठेवतो, फक्त पहिल्यांदा 'एचआयव्हीची लागण' असं पुरं लिहितो. काकांना दाखवून घेतो.