अर्ध्या दिवसाची भटकंती: पुण्यात लहान मुलांना घेऊन कुठे गेलात?

घरात चार आणि सात वर्षांची दोन मुले असली, की शनिवारी रात्रीच्या जेवणात "उद्या कुठे जायचे?" हा प्रश्न हमखास निघतो. गेल्या दोन वर्षांत आम्ही त्याचे उत्तर पुष्कळदा चुकीचे दिले. दिवसभराचे बेत आखले, एकाच दिवसात तीन तीन ठिकाणे कोंबली आणि भर दुपारी रडून दमलेले मूल खांद्यावर टाकून गाडी कुठे लावली होती ते शोधत फिरलो. उलट जे रविवार मुलांच्या बोलण्यात अजूनही येतात, ते सगळे सकाळी निघून जेवायला घरी परतलेले रविवार आहेत.

म्हणून हे आवाहन करते आहे. पुण्यात किंवा तास-दीड तासाच्या अंतरावर आठ वर्षांखालच्या मुलांना घेऊन आपण कुठे गेलात, ते सविस्तर लिहावे. मुलाचे वय, निघण्याची वेळ, जाण्यायेण्याचे साधन आणि फसलेल्या गोष्टी आवर्जून लिहा. "मुलांना फार आवडले" एवढ्यावर न थांबता मुलाने नेमके काय केले ते सांगा, कारण पुढच्या आईवडिलांना उपयोग त्याचाच होतो. सुरुवात मी करते.

आम्ही कोथरूडला राहतो. एका रविवारी सकाळी आठच्या सुमारास वनाझ स्थानकातून मेट्रोने निघालो आणि जिल्हा न्यायालय स्थानकात उतरून स्वारगेटच्या मार्गावर आलो. तो भुयारी मार्ग २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला. वनाझकडची गाडी पुलावरून धावते आणि ही जमिनीखालून, त्यामुळे एकामागून एक सरकते जिने उतरत खाली जायचे, हेच मुलांना पुरेसे होते. गाडी सुटल्यावर मी धाकट्याला सांगितले, की आता आपल्या डोक्यावरून मुठा नदी वाहते आहे. त्याने वर पाहिले, दोन्ही तळहात डोक्यावर ठेवले आणि पुढचे स्थानक येईपर्यंत ते काढले नाहीत.

मंडई स्थानकातून बाहेर पडल्यावर महात्मा फुले मंडईची दगडी इमारत लगेच दिसते. ही १८८६ ची वास्तू अष्टकोनी आहे, हे मी थोरलीला आधी सांगितले नव्हते. तिने कोपरे स्वतः मोजले. आत गेल्यावर दोघांच्या हाती वीस वीस रुपये दिले आणि आपापली भाजी आपण घ्यायची, असे ठरवले. धाकटा एका मावशींच्या गाळ्यासमोर बराच वेळ नुसता उभा राहिला. "काय पाहिजे रं बाळा?" असे त्यांनी दोनदा विचारल्यावर त्याने कोथिंबिरीकडे बोट दाखवले. मावशींनी जुडी दिली, वर एक गाजर दिले आणि सुटे पैसे माझ्याकडे न देता त्याच्याच मुठीत ठेवले. परतीच्या प्रवासात ती जुडी त्याने पिशवीत ठेवू दिली नाही. घरी पोहोचलो तेव्हा कोथिंबीर मलूल झाली होती, पण त्या दिवशीची आमटी त्याने प्रथमच न सांडता आणि न कुरकुरता संपवली.

सदाशिव पेठ, नात सहा वर्षांची

ताई, आपल्या अनुभवातले "एका वेळी एकच ठिकाण" मला फार पटले. मी आजी आहे आणि माझे गुडघे दुखतात, त्यामुळे माझ्या वाट्याला जवळची ठिकाणेच येतात. आम्ही दोघी बाजीराव रस्त्यालगतच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलो. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह एका माणसाने, दिनकर केळकरांनी, आयुष्यभर गावोगाव फिरून जमवला. एवढे सगळे पाहायचे मनात आणले तर मूल पंधरा मिनिटांत कंटाळेल, म्हणून आम्ही ठरवले की आज फक्त प्राणी आणि पक्षी शोधायचे. मग दिव्यावरचा मोर सापडला, अडकित्त्यावरची घोड्याची मान सापडली. वज्र्या ठेवल्या होत्या तिथे ती थबकली. आंघोळीच्या वेळी टाचा घासायची ही वस्तू तिने कधी पाहिलेलीच नव्हती. "पाय घासायला पक्षी कशाला लावलाय?" असे तिने विचारले. रोज हातात येणारी वस्तू सुंदर असावी असे तेव्हाच्या लोकांना वाटत असे, असे मी सांगितले. त्यावर तिने बराच विचार केला आणि घरी आल्यावर स्वतःच्या कंपासपेटीवर एक पोपट काढला.

एक गोष्ट मात्र आजी-आजोबांनी आधीच मनाशी ठरवून जावी. संग्रहालयाच्या नावातला राजा हा केळकरांचा मुलगा. तो सातव्या वर्षी गेला आणि त्याच्या स्मरणार्थ हे नाव दिले गेले. नातीने "राजा म्हणजे कुठला राजा?" असे विचारल्यावर मी खरे सांगितले. "म्हणजे माझ्याएवढा होता," ती म्हणाली. नंतर बाहेर पडेपर्यंत तिने माझा हात सोडला नाही. सांगितले ते बरे केले की नाही, यावर घरी आमचे एकमत नाही. मला विचाराल तर मी पुन्हाही खरेच सांगेन.

वारजे, मुलगा पाच वर्षांचा

आमच्या मुलाला मोठे आवाज आणि गर्दी सहन होत नाही. फटाके, ढोल, चित्रपटगृह या सगळ्यांपासून आम्हाला लांब राहावे लागते, त्यामुळे "मुलांना घेऊन कुठे जावे" या विषयावरचा बहुतेक सल्ला आमच्या कामाचा नसतो. कर्वे रस्त्यावरील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आमच्यासाठी वरदान ठरले. भाऊसाहेब जोशी यांनी हाताने घडवलेले हे छोटे शहर १९९८ पासून लोकांना पाहायला खुले आहे. एका दालनात सगळे मांडलेले आहे: रूळ, सिग्नल, उड्डाणपूल, सर्कशीचा तंबू आणि त्यांच्यामधून धावणाऱ्या निरनिराळ्या गाड्या. मध्येच दिवे मंद होतात आणि त्या शहरात रात्र होऊन घराघरांत इवलेसे दिवे लागतात.

अंधार होणार हे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवले होते आणि घरी दिवा घालवून दोनदा सरावही केला होता. आम्ही गर्दी नसलेली वेळ विचारून कामाच्या दिवशी गेलो आणि दाराजवळची जागा धरली. दिवे गेले तेव्हा त्याने कान झाकले, पण डोळे उघडे ठेवले. एक मालगाडी बोगद्यात शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत तो श्वास रोखून उभा होता. ती आली तेव्हा कानावरचे हात खाली आले. अशा मुलांच्या पालकांना मी एवढेच सांगेन, की खेळ मुलांच्या कलाने पाहू द्या. आमचा मुलगा अर्धा वेळ फक्त सिग्नलच पाहत होता.

धनकवडी, जुळ्या मुली तीन वर्षांच्या

आम्ही कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सुट्टी काढून गेलो आणि दार बंद, कारण तो बुधवार होता. चूक आमची; बुधवारी ते बंद असते, हे विचारायला हवे होते. दोघींना "वाघ आज झोपलाय" असे सांगून परतलो आणि त्या आठवडाभर रोज "वाघ उठला का?" असे विचारत राहिल्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सकाळी दार उघडण्याच्या वेळेलाच पोहोचलो. परिसर सुमारे १३० एकरांचा आहे, तीन वर्षांची पावले तेवढे चालू शकत नाहीत; त्यामुळे बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचे तिकीट आधी काढा, ती पुढे भरून जाते. दोघींना वाघापेक्षा कासव अधिक आवडले, बहुधा ते त्यांच्याच वेगाने चालत होते म्हणून.

हडपसर, मुलगा आठ वर्षांचा

थंडीत पहाटे उठायची तयारी असेल, तर सोलापूर रस्त्यावरील कवडीपाट. साडेसहाला नदीकाठी पोहोचा, दुर्बीण न्या. केशरी रंगाचे चक्रवाक आणि लाल पायांचे शेकाटे मुलालाही सहज ओळखता येतात. पाण्याला वास येतो आणि काठावर प्लास्टिक अडकलेले असते, हेही लिहायला हवे. माझ्या मुलाने वहीत पक्ष्यांच्या यादीखाली पिशव्यांचीही मोजदाद ठेवली होती. तो आकडा पक्ष्यांपेक्षा मोठा निघाला आणि त्यावर तो परतीच्या वाटेवर काहीच बोलला नाही.

चिंचवड, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा

आमच्या चुलत दिरांची शेती शिरूर तालुक्यात आहे. जानेवारीत ज्वारी हुरड्यात आली, की ते निरोप धाडतात. विकतच्या हुरडा पार्ट्या आता ठिकठिकाणी असतात, तिथेही आम्ही गेलो आहोत. झोके, बैलगाडीची फेरी आणि जेवण असे सगळे त्यात येते. परंतु मुलांच्या दृष्टीने खरे मोल कणीस शेतातून काढून आणण्यात आहे, आणि तेवढी मोकळीक मिळेल अशीच जागा निवडावी, असे मला मनापासून वाटते.

भावजींनी जमिनीत खड्डा खणून गोवऱ्यांची आगटी पेटवली. विस्तव खाली बसल्यावर गुळभेंडीची कणसे राखेत खोचायची, दाणे भाजल्याचा वास सुटला की बाहेर काढायची आणि गरम असतानाच तळहातांवर चोळायची. मुलीचे हात भाजू नयेत म्हणून जाऊबाईंनी तिला सुती फडक्यात कणीस गुंडाळून दिले आणि बाहेरून चोळायला शिकवले. दाणे सुपात पडले, जाऊबाईंनी ते पाखडले, कोंडा उडून गेला आणि हिरवेगार, वाफाळलेले दाणे उरले. एरवी ताटातली भाजी बोटाने बाजूला सारणारी माझी मुलगी सुपाशेजारी मांडी घालून बसली आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ व दही यांच्याबरोबर मूठमूठ खात राहिली. "हे आपण रोज का खात नाही?" असे तिने विचारले, तेव्हा भावजींनी तिला शेतात नेऊन दोन कणसे दाखवली: एकातला दाणा नखाने दाबला की चीक येई आणि दुसऱ्यातला टणक झालेला. मधले थोडेच दिवस हुरड्याचे, हे तिला शेतात उभे राहून कळले.

धाकट्याला गोफण हवी होती. दगड न घालता नुसती फिरवायची या अटीवर ती मिळाली आणि तासभर तो पाखरांवर ओरडत बांधावरून धावला. फसलेली गोष्टही सांगते. दोघांना मी अर्ध्या बाह्यांचे कपडे घातले होते. धाटांच्या पात्यांनी हात ओरखडले, मानेवर कूस गेली आणि परतताना धाकटा खाजवून रडकुंडीला आला. जाऊबाईंनी मान ओल्या फडक्याने पुसून खोबरेल लावले तेव्हा तो शांत झाला. पूर्ण बाह्यांचे जुने सुती कपडे, गळ्याला रुमाल आणि बंद बूट, एवढे विसरू नका.

कसबा पेठ, मुलगा चार वर्षांचा

दिवाळीच्या चार दिवसांत आम्ही मुद्दाम कुठेच लांब जात नाही. संध्याकाळी पेठांमधले मुलांनी केलेले किल्ले पाहत फिरतो. त्यापूर्वी एक फेरी कुंभारवाड्यात होते. तिथे मातीचे मावळे, तोफा आणि सिंहासनावरचे महाराज मांडलेले असतात. मुलाला पाचच मावळे घ्यायचे सांगितले, की तो प्रत्येकाचा चेहरा निरखतो. गेल्या वर्षी एकाची ढाल किंचित तुटलेली होती. नेमका तोच त्याने घेतला, "हा लढून आलाय" म्हणून.

शेजारच्या एका वाड्याच्या अंगणात नऊ-दहा वर्षांच्या दोन भावंडांनी राजगड केला होता. अळीव पेरून डोंगरउतार हिरवा केला होता आणि आलेल्या प्रत्येकाला सुवेळा माची, संजीवनी माची, पद्मावती माची, बालेकिल्ला असे काठीने दाखवून दोघे आळीपाळीने माहिती सांगत होते. माझा मुलगा पुढे झुकला आणि त्याच्या हाताने एक बुरूज ढासळला. मी ओशाळून माफी मागत होते, तेवढ्यात त्यांच्यातली मोठी मुलगी आत गेली आणि ओल्या मातीचा गोळा घेऊन आली. "घे, तूच बांध. बुरूज पडला की मावळेच बांधतात," असे म्हणून तिने गोळा त्याच्या हातात दिला. तो बुरूज वाकडा झाला, तरी त्या भावंडांनी भाऊबीजेपर्यंत तो तसाच ठेवला आणि आम्ही रोज संध्याकाळी तो पाहून येत होतो.

शिवाजीनगर, नात पाच वर्षांची

माझा अनुभव अगदी साधा आहे. मी निवृत्त आहे आणि नातीला आगगाडीचे वेड आहे. आम्ही दोघे लोणावळा लोकलने जातो आणि लोणावळ्यात काहीच पाहत नाही. उतरायचे, फलाटावर घरची पोळीभाजी खायची आणि परतीची गाडी धरायची. दुपारच्या वेळेत गाड्या विरळ असतात, म्हणून वेळापत्रक पाहूनच निघावे. खिडकीची जागा सकाळी लवकर मिळते. स्थानकांची नावे तिला वाचता येत नव्हती, तेव्हा मी ती मोठ्याने वाचायचो. आता ती पाठ आहेत. परत येताना कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव, घोरावाडी, बेगडेवाडी असे म्हणता म्हणता देहूरोडच्या आसपास तिचा आवाज बारीक होतो, आकुर्डीला तिची मान माझ्या दंडावर येते, आणि खडकी गेल्यावर तिला हळूच उठवावे लागते.