नागपुरात बीगल की कारवानी? माझं मत कारवानी

वावरवाला_काटोल:
दोस्त हाउंड, म्हणजे शिकारी जातीचं कुत्रं, घेऊन राहिला अन् बीगलवरच अडून बसलाय, म्हणून विचारतो. माझं मत कारवानी, ज्याला कर्नाटकातल्या मुधोळवरून मुधोळ हाउंड म्हणतात तोच. मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ वर जातो आणि हा कुत्रा दख्खनचाच, केस आखूड, अंगावर चरबी नाही, छाती खोल अन् पोट आत, उघड्या माळावर सशामागं पळायलाच बनलेला. २००५ मध्ये पोस्टानं त्याच्यावर तिकीट काढलं तरी लोकांना इंग्लंडचंच पिल्लू पाहिजे.

तिसरा_मजला:
भाऊ, तुमच्याकडं वावर आहे, आमच्याकडं बाल्कनी. कारवानी नजरेचा शिकारी, लांब मांजर नुसतं हललं तरी तो सुटला, अन् वर्धा रोडला पट्टा हातातून गेला तर संपलंच. बीगल घोळक्यात शिकार करायसाठी पाळलेला, त्याला लेकरं, दुसरे कुत्रे, पाहुणे सगळे चालतात.

वावरवाला_काटोल:
अन् बीगल सुटला तर हाक ऐकतो का? एकदा नाक जमिनीला लागलं की तो तुमचा राहत नाही. वास सापडला की लांब सूर काढतो, कारण मागून पायी येणाऱ्या शिकाऱ्यांना तो कुठं आहे ते कळायला पाहिजे होतं. तो सूर तुमच्या शेजाऱ्यांनी काहून ऐकायचा? कारवानी सहसा गप्प पळतो.

तिसरा_मजला:
आवाजाचं मान्य. पण त्या नाकाला काम द्या ना, मी भाकरीचे तुकडे घरभर लपवतो, माझा बीगल अर्धा तास हुडकतो अन् मग झोपतो. अमेरिकेत विमानतळावर बॅगेतली फळं, मांस हुडकायला बीगलच ठेवतात. उन्हाळ्यात सहाच्या आत फिरवून आणायचा.

उमरेडची_ताई:
आमच्याकडं कारवानी होता म्हणून सांगते. रोही, म्हणजे नीलगाय, दिसली अन् सरळ काटेरी तारेवर गेला, कातडी इतकी पातळ की मांडीपासून फाटली, टाके पडले. त्यामुळं वावर आहे एवढ्यावर घेऊ नका भाऊ, उंच जाळीचं कुंपण पाहिजे. आणि सशावर कुत्रं सोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात शिकारच धरतात, ते तर बोलूच नका.

वावरवाला_काटोल:
ताई, शिकारीसाठी नाही, पळायला जागा मिळावी म्हणून म्हणतो. कुंपणाचं मात्र खरं, आमच्याकडंही तारच आहे. दोस्ताला आधी वावरात जाळी मारायला लावतो, पण पिल्लू कारवानीचंच.