चरबीचा टक्का मोजणं बंद केलं. चुकतोय का?

भांडुपचा_धोंडा

तीन वर्षं स्ट्राँगमन पद्धतीचा, म्हणजे अवजड, बेढब वस्तू उचलायचा-वाहायचा व्यायाम करतोय. भांडुपला एका बंद वर्कशॉपच्या मागच्या आवारात आमचा सहा जणांचा कंपू जमतो. ट्रकचा टायर, वेल्डरकडून करून घेतलेला योक (खांद्यावर घेऊन चालायची लोखंडी चौकट), वाळूच्या गोण्या आणि साच्यात ओतलेले सिमेंटचे गोळे. सगळ्यात मोठा ११५ किलोचा, तो अजून कुणाच्या छातीपर्यंत आलेला नाही. बार-प्लेट्सचं काम जवळच्या जिममध्ये.

त्या जिममध्ये हँडल धरून उभं राहायचं चरबी मोजायचं मशीन आहे. मार्चपासून दर रविवारी त्यावर उभा राहायचो. एका रविवारी सकाळी उपाशीपोटी २४.३ टक्के आले. संध्याकाळी व्यायाम झाल्यावर गंमत म्हणून परत उभा राहिलो, तर २१.८. वजन दोन्ही वेळेला ९६. म्हणजे दिवसभरात जवळजवळ अडीच किलो चरबी गायब, आणि मधल्या वेळात मी काय केलं, तर आईच्या हातचं मटण हाणलं आणि झोपलो.

पुढे क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू केलं. पंधरवड्यात वजन दीड किलोने वाढलं, ते मशीनने जवळजवळ सगळं ‘स्नायू’च्या खात्यात टाकलं. या हिशोबाने दिवाळीपर्यंत माझी म्हैस व्हायला हवी.

हसण्यावारी नेलं असतं, पण टक्का वाढलेला दिसला की सोमवारी भात बंद, आणि बुधवारी डेडलिफ्ट (वाकून जमिनीवरचा बार उचलणं) जमिनीला चिकटलेली. असे पाच आठवडे घालवले. आता फक्त सकाळचं वजन आणि किती उचललं त्याची वही. बोला.

टक्का_मास्तर

चुकताय. मशीन गंडतं हे मान्य, पण तुम्ही ते वापरलंत कसं? ते चरबी मोजतच नाही. अंगातून बारीकसा वीजप्रवाह सोडतं, किती रोध होतो ते बघतं, त्यावरून पाण्याचा अंदाज बांधतं. चरबी सोडून जे शरीर उरतं त्यात साधारण ७३ टक्के पाणी, असं धरून बाकीची चरबी ठरवतं. व्यायामानंतर कातडी तापलेली, रक्त वर आलेलं, रोध कमी. मशीनला वाटतं पाणी भरपूर, म्हणजे चरबी कमी. क्रिएटिनने स्नायूत पाणी धरलं, तेही त्याच खात्यात गेलं. मशीनने आपलं काम केलं, तुम्ही त्याला भलताच प्रश्न विचारलात.

एकच वार, एकच वेळ, उपाशी, संडासला जाऊन आल्यावर, आदल्या दिवशी जड सेशन नाही. आणि एकटा आकडा बघायचा नाही, सहा-आठ आठवड्यांत तो कुठे सरकतोय ते बघायचं. ‘वजन आणि वही पुरे’ म्हणणारे मी पुष्कळ पाहिलेत. वहीत डेडलिफ्ट वाढते, आणि पट्ट्याचं भोकही.

जुना_तालीमवाला

आमच्या वस्तादांनी उभ्या जन्मात कुणाला टक्का विचारला नाही. लंगोट बांधताना गाठीला टोक किती उरलं, यावरून ते ओळखायचे. मसजिद बंदरला क्विंटलाची गोणी पाठीवर घेऊन जिना चढणाऱ्या हमालाला विचारा त्याचा टक्का.

परळकर

काका, माझे आजोबा माथाडी होते. साठीत त्यांना भारतीय संडासात बसता येत नव्हतं, गुडघे गेले होते. ते पोटासाठी उचलत होते, हौसेसाठी नाही. ते उदाहरण तेवढं राहू द्या.

लंगोटाचं मात्र पटलं. ती कंबर मोजायची टेपच झाली की.

वजनदार_विरार

मुळात स्ट्राँगमनमध्ये चरबीची एवढी धास्ती कशाला? ब्रिटनच्या एडी हॉलने २०१६ साली ५०० किलोची डेडलिफ्ट मारली, तेव्हा गडी १८० किलोच्या पुढे होता. आइसलंडच्या ब्योर्नसनने २०२० साली ५०१ मारली, तोही काही काडीपैलवान नव्हता. वजनाने वजन हलतं. खा आणि उचला.

टक्का_मास्तर

ब्योर्नसन सहा फूट नऊ इंच आहे. धोंडासाहेब, तुमची उंची?

आणि पोलंडचा पुझ्यानोव्स्की का विसरलात? २००२ ते २००८ या काळात पाच वेळा वर्ल्ड्स स्ट्राँगेस्ट मॅन ही स्पर्धा जिंकला, आणि पोटाचे चौकोन मोजता यायचे. हॉलनेही २०१७ ला किताब घेतल्यावर ते वजन ठेवलं नाही, उतरवलं.

भांडुपचा_धोंडा

पाच सात. 😐

पण विरारभाऊंचं अर्धं खरं आहे. गोळा मांडीवर घेऊन वर सरकवताना पोटाचा आधार होतो, लॉग प्रेसला (ओंडका छातीवरून डोक्यावर ढकलताना) तर तयार फळीच मिळते. बोंब होते ती योकला आणि फार्मर्स वॉकला (दोन्ही हातांत वजनं धरून चालायला). तिथे योकबरोबर स्वतःलाही वाहून न्यावं लागतं. ८८ किलोचा होतो तेव्हा २० मीटर पळत जायचो, आता शेवटचे पाच मीटर देवाचं नाव घेतो.

फिजिओ_दादर

मी कुठल्याच बाजूची नाही, पण टेपच्या बाजूने दोन शब्द. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. चरबी मात्र युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२. आपली चरबी पोटात दडून बसते. म्हणून भारतीय पुरुषाला कमरेची धोक्याची रेघ ९० सेंटीमीटरवर आखतात. जड उचलणाऱ्याच्या पोटाचे स्नायूही जाड होतात हे खरं, पण ते कारण मला वर्षानुवर्षं ऐकवलं गेलंय आणि दर वेळी कमरेबरोबर रक्तदाबही वाढलेला सापडलाय.

नेटवर मान आणि कंबर टाकून टक्का काढतात, ते तुमच्यासाठी नाही. त्या सूत्रात मान जाड तितकी चरबी कमी निघते, आणि योकवाल्यांची मान कशी असते ते तुम्हीच बघता. उलट मान जाड होत असेल तर घरच्यांना विचारा, घोरता का, झोपेत श्वास अडकतो का.

डेक्सा म्हणजे हाडांची घनता बघतात तेच यंत्र. त्याचा अंदाज जास्त भरवशाचा, पण पाण्याने तेही फसतं. वर्षात दोनदा पुरे.

डोंबिवली_फास्ट

मास्तर, तुमचे नियम पुरुषांचे आहेत. पाळीच्या आधी माझं वजन दीड-दोन किलो वर जातं, दर महिन्याला. एकच वार, एकच वेळ पाळूनही चार आठवडे चार गोष्टी सांगतात. मी या महिन्यातला दहावा दिवस गेल्या महिन्यातल्या दहाव्या दिवसाशी ताडून बघते, तेवढंच जमतं.

शिवाय ७.२८ ची लोकल पकडून, ऑफिस करून, रात्री लॉग उचलणाऱ्या बाईच्या हातात रोज एक आकडा दिला, की ती तो कमी करण्याच्या मागे लागते. मी लागले होते. केस गळले, पाळी चुकली, ताकद गेली. धोंडा म्हणतोय तो भात बंद करण्याचा प्रकार मला चांगला माहितीय. काही जणांनी न मोजणंच बरं.

टक्का_मास्तर

ताई, तुमच्या बाबतीत माघार. मनापासून.

धोंड्याच्या बाबतीत नाही. स्पर्धेत वजनाचे गट असतात, ९० किलोपर्यंत आणि १०५ किलोपर्यंत. हा ९६ वर, म्हणजे ना घरका ना घाटका. खाली यायचं की वर जायचं हे ठरवायला अंगावर उतरवण्यासारखं किती आहे ते कळायला नको? मशीन २४ म्हणो वा २१, चरबी वीस किलोच्या वरच निघते. सहा किलो त्यातून आरामात जातील. आकडा चुकीचा असूनही निर्णय बरोबर येतो.

भांडुपचा_धोंडा

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. पण मग तो एकदा मोजून भागलं की. दर रविवारी कशाला?

आईच्या शिलाईच्या डब्यातली टेप आणली. श्वास सोडून, नाभीवर: ९८. दुसऱ्यांदा ९८. तिसऱ्यांदा आईने धरली आणि ९९ म्हणाली. घोरण्याचं विचारलं, तर वडील आतल्या खोलीतून हसले.

ठरलं. दर १ तारखेला कंबर, रोज सकाळी वजन पण बघायची ती आठवड्याची सरासरी, आणि वहीत योकचे सेकंद. सहा महिन्यांत वजन ९०. भात चालू. मशीन नाही.

टक्का_मास्तर

उतरलेल्या सहात स्नायू किती गेले ते कंबर सांगणार नाही.

भांडुपचा_धोंडा

११५ चा गोळा सांगेल.

टक्का_मास्तर

तो तर आत्ताही हलत नाहीये.